टाकीत पाळायला फायटर (बेटा) मासा घ्यावा की गोल्डफिश?

नाशिकच्या थंडीत गोल्डफिश मजेत असतो, बाहेर पारा १० च्या खाली गेला तरी बिनधास्त, पण फायटरला पाणी २५-२७ डिग्री लागतं म्हणजे डिसेंबरात हीटर आलाच. जागेचं मात्र उलटंय. फायटर वर येऊन तोंडाने हवा घेतो, त्यामुळे २० लिटरच्या टाकीतही निवांत, फक्त एकटाच ठेवा, दोन नर एकमेकांचे पर फाडतात. गोल्डफिश घाण फार करतो आणि पाण्यात अमोनिया (घाणीतून होणारं विष) वाढतो, मी काचेच्या बाउलमध्ये ठेवलेला तर आठवड्यात पाणी गढूळ आणि एका सकाळी बघतो तर आडवा. त्याला ८० लिटर नि दणकट फिल्टर पाहिजेच. नळाचं पाणी दोघांनाही डायरेक्ट नको, अँटीक्लोरीन (क्लोरीन घालवणारं औषध) टाका. आमच्या सिडकोतल्या वन बीएचकेत आता फायटरच आहे, टीव्हीशेजारी, हीटरसकट.