'द क्रुसिबल' की 'गॅलिलिओ': संस्थेनं कोणतं नाटक घ्यावं?

जुन्या काळातला खटला दाखवून आजच्या सत्तेबद्दल बोलायचं, असं ठरवलेल्या हौशी संस्थेपुढे दोन भक्कम पर्याय असतात: आर्थर मिलरचं 'द क्रुसिबल' आणि बर्टोल्ट ब्रेख्तचं 'गॅलिलिओ'. 'गैर-अमेरिकी कारवायां'ची, म्हणजे मुख्यतः कम्युनिस्टांची, चौकशी करणाऱ्या अमेरिकन संसदीय समितीशी दोघांचाही सामना झाला. 'गॅलिलिओ'ची अमेरिकी आवृत्ती जुलै 1947 मध्ये लॉस एंजेलिसला रंगमंचावर आली. ऑक्टोबरमध्ये ब्रेख्तची साक्ष झाली आणि दुसऱ्याच दिवशी त्यानं देश सोडला. 'क्रुसिबल' न्यूयॉर्कला 22 जानेवारी 1953 रोजी उघडलं. मिलरला समितीनं 1956 मध्ये बोलावलं. त्यानं इतरांची नावं सांगायला नकार दिला, 1957 मध्ये तो दोषी ठरला आणि पुढच्या वर्षी अपिलात सुटला.

दोन्ही नाटकांत माणसाला कोंडीत पकडलं जातं, पण कोंडी वेगळी आहे. 'गॅलिलिओ'त पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे स्वतःचं म्हणणं चर्चपुढे मागे घ्यायचं असतं. 'क्रुसिबल'मध्ये चेटकाचा गुन्हा कबूल करून शेजाऱ्यांची नावं द्यायची असतात. हे नाटक ज्यावर बेतलंय त्या अमेरिकेतल्या सेलम गावच्या 1692 च्या चेटूक-खटल्यांत कबुली देणारे वाचले आणि नाकारणारे फासावर गेले. एकोणीस जणांना फाशी झाली. जाइल्स कोरीनं आरोपाला उत्तरच द्यायला नकार दिला, म्हणून त्याला दगडांखाली दाबून मारलं.

म्हणून 'क्रुसिबल' घेणार असाल, तर ते अंधश्रद्धा निर्मूलनाचं नाटक म्हणून बसवू नका. जादूटोणाविरोधी कायदा 2013 साली झालेल्या आपल्या राज्यात हा मोह होणारच. पण तसं केलं की प्रेक्षक 'किती अडाणी लोक होते' म्हणत निर्धास्त घरी जातो. न्यायाधीश डॅनफर्थ अडाणी नाही. त्याचा युक्तिवाद असा: चेटूक हा अदृश्य गुन्हा, त्याला साक्षीदार दोनच, करणारी आणि भोगणारी, करणारी स्वतःविरुद्ध बोलणार नाही, तेव्हा भोगणारीवर विश्वास ठेवायचा. हे वाक्य नटानं शांतपणे, पटवून देत म्हटलं तर अंगावर काटा येतो. ओरडून म्हटलं की डॅनफर्थ खलनायक होतो आणि नाटक सपाट होतं. सातपुड्यात आजही डाकीण ठरवून बायकांचा छळ होतो. त्याबद्दलच बोलायचं असेल तर या दोन्ही संहिता बाजूला ठेवून नवी लिहा, तो विषय स्वतंत्र नाटकाच्या तोलाचा आहे.

पात्रांचा हिशेब बहुतेकदा इथेच निर्णय करून टाकतो. 'क्रुसिबल'मध्ये 21 पात्रं आहेत, 10 स्त्रिया आणि 11 पुरुष. दुहेरी भूमिकांना वाव कमी, कारण तिसऱ्या अंकात बरेच जण एकाच वेळी रंगमंचावर असतात. अॅन पुटनम पहिल्याच अंकात दिसते, त्यामुळे ती नटी चौथ्या अंकातली सेरा गुड करू शकते. तुरुंगरक्षक हॉपकिन्सचं काम मार्शल हेरिककडे देता येतं. म्हणजे 19 जण तरी हवेतच. 'गॅलिलिओ'त चाळीसच्या वर पात्रं असली तरी पंधरा-सोळा जणांत ती बसतात. मात्र स्त्रियांना खऱ्या अर्थानं दोनच भूमिका, गॅलिलिओची मुलगी व्हर्जिनिया आणि त्याचं घर सांभाळणारी सार्टीबाई. ग्रुपमध्ये सहा-सात चांगल्या मुली असतील तर 'गॅलिलिओ' घेऊन त्यांना गर्दीत उभं करणं हा अन्याय आहे.

उलट, बहुतेक प्रवेश एकट्याच्या खांद्यावर पेलणारा, पंचेचाळिशीपासून सत्तरीपर्यंतचं वय दाखवू शकणारा नट नसेल तर 'गॅलिलिओ'च्या वाटेला जाऊ नका. त्याला खादाडपणाही दाखवता आला पाहिजे आणि बुद्धीची चमकही. यातलं एक जरी राहिलं तरी म्हणणं मागे घेतल्याबद्दलची त्याची शेवटची आत्मनिर्भर्त्सना पोकळ वाटते.

नेपथ्यात 'क्रुसिबल' सोपं आहे. चार अंक, चार खोल्या. एकच लाकडी चौकट, वर एक तुळई, टेबल, दोन बाकं, एक पलंग आणि खिडकीची बदलती जागा एवढ्यात भागतं. मध्यंतर दुसऱ्या अंकानंतर, नायक जॉन प्रॉक्टरची बायको एलिझाबेथ हिला साखळदंडात नेल्यावर. वेळ कमी करायचा तर पुरवणीतला जंगलातला प्रवेश आधी काढा. 'गॅलिलिओ'चे 15 प्रवेश आहेत, म्हणजे 14 बदल. प्रत्येक बदलाला 40 सेकंदांचा अंधार दिला तर नऊ मिनिटं प्रेक्षक काळोखात बसतो. सामान नटांनीच, मंद उजेडात, प्रवेशाच्या सुरुवातीच्या ओळी म्हणत हलवावं. ब्रेख्तला तेच अभिप्रेत आहे.

तालमींचा सगळ्यात जास्त वेळ 'क्रुसिबल'चा तिसरा अंक खाणार. आम्ही मुली सोंग करत होतो असं कोर्टात सांगणाऱ्या, प्रॉक्टरकडच्या मोलकरणीला, मेरी वॉरनला, आत्ता इथे बेशुद्ध पडून दाखव म्हणतात, तिला ते जमत नाही. मग आरोप करणाऱ्या मुलींची म्होरकी अॅबिगेल, तिला थंडी वाजते, बाकीच्या मुली कुडकुडतात, तुळईवर पिवळा पक्षी दिसतो आणि मेरीचा प्रत्येक शब्द सगळ्या परत बोलू लागतात. हमखास होणारी चूक म्हणजे मुली थंडीपासूनच किंचाळायला लागतात आणि पुढे चढायला जागाच उरत नाही. पहिले काही दिवस हा प्रतिध्वनी फक्त कुजबुजीत करून घ्या. पक्ष्यासाठी वरच्या बारवरचा एकच दिवा ठरवा, सगळ्यांचे डोळे तिथेच. एकीची नजर हलली तरी पक्षी नाहीसा होतो.

दुसरी चूक अॅबिगेलला नुसती मादक करण्याची. तसं झालं की गावावरचं संकट एका नाकारलेल्या मुलीच्या सूडावर येऊन थांबतं. प्रत्यक्षातली अॅबिगेल अकरा-बारा वर्षांची होती आणि प्रॉक्टर साठीचा. नाटकातलं त्यांचं प्रेमप्रकरण मिलरनं रचलेलं आहे. माहितीपत्रकात हे छापाच.

'गॅलिलिओ'त तोच जीव पोपच्या प्रवेशात आहे. अंगावर एकेक वस्त्र चढतं तसा गणिताचा जाणकार बार्बेरिनी मावळतो आणि पोप उरतो. शेवटी तो गॅलिलिओला छळाची हत्यारं नुसती दाखवायला परवानगी देतो. वस्त्रं चढवणाऱ्या दोघांची तालीम संवादांइतकीच काटेकोर घ्या. झगा अडकला की युक्तिवादही अडकतो.

हक्कांच्या बाबतीत मोठा फरक आहे. मिलरचं निधन 2005 चं. भाषांतराची आणि प्रयोगाची परवानगी वेगवेगळी घ्यावी लागते आणि उत्तर यायला वेळ लागतो. ब्रेख्त 1956 मध्ये गेला. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो, त्यामुळे मूळ जर्मन संहिता इथे 2016 अखेर मुक्त झाली. पण इंग्रजी भाषांतरावरून मराठी करणार असाल तर त्या भाषांतरकाराचा हक्क तपासा. जर्मनीतल्या मराठी मंडळासाठी मुदत 2026 अखेरपर्यंत आहे. महाराष्ट्रात प्रयोग करायचा तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र दोन्हींना लागेल.

मुली आणि माणसं पुरेशी असतील तर माझा कौल 'क्रुसिबल'ला. तरीही ठरवण्याआधी एका संध्याकाळी दोन वाचनं घ्या: एलिझाबेथला आत आणून प्रॉक्टर आणि अॅबिगेलला पाठ फिरवायला लावतात तो भाग, आणि गॅलिलिओ सार्टीबाईच्या छोट्या आंद्रेयाला खुर्चीवर बसवून पृथ्वीचं फिरणं समजावतो तो पहिला प्रवेश. पहिल्यात नवऱ्याला वाचवायला त्या प्रकरणाबद्दल एलिझाबेथ बोलते ते खोटं ऐकताना बाकीचे नट गप्प झाले, किंवा दुसऱ्यात त्यांना स्वतःच खुर्ची फिरवून पाहावीशी वाटली, तर तीच संहिता घ्या.