वाघोली की तळेगाव?

नोकरी पुण्यात, पण पुण्यात घर घ्यायचं म्हटलं की आकडे जमत नाहीत. मग नगर रस्त्यानं वाघोलीकडे सरकायचं की मुंबईच्या अंगाला तळेगाव दाभाड्याला जायचं, हा घोळ सध्या ओळखीतल्या तीन-चार घरांत चालू आहे. वाघोलीत मी अडीच वर्षं भाड्यानं राहिलो आणि 2022 च्या दिवाळीत तळेगावात, स्टेशन भागात, फ्लॅट घेतला. म्हणजे एक गाव भाडेकरू म्हणून पाहिलंय, दुसरं कर्जदार म्हणून. कार्पेट एरिया, महारेरा, सर्च रिपोर्ट हे तुम्ही बघितलं असेलच. ते सोडून देतो.

कागदावर वाघोली वरचढ आहे, हे आधीच कबूल करतो. खराडीच्या आयटी कंपन्या हाकेच्या अंतरावर, विमानतळ जवळ, रात्री अकराला भूक लागली तरी काहीतरी उघडं सापडतं. 2021 च्या जूनअखेरीस वाघोली महापालिकेत आली. मेट्रो मार्च 2024 पासून रामवाडीपर्यंत येतेय आणि तिथून पुढे वाघोली-विठ्ठलवाडीच्या मार्गाला केंद्रानं जून 2025 मध्ये मंजुरी दिली. एजंट हे सगळं तुम्हाला सांगेलच. फक्त मंजुरी आणि स्टेशन यांच्यामध्ये काही वर्षं बॅरिकेड असतात, आणि ती वर्षं तुमचीच असतात.

नगर रस्त्याच्या ट्रॅफिकला कंटाळून मी वाघोली सोडली, असं सगळ्यांना वाटतं. तसं नाही. ट्रॅफिकमध्ये निदान गाणी ऐकता येतात.

सोडली ती टँकरमुळे. आमची 84 फ्लॅटची सोसायटी. महापालिकेचं पाणी येईपर्यंत पाणी पुरवू, असं हमीपत्र बिल्डरनं दिलं होतं म्हणे. सोसायटी ताब्यात दिल्यावर ते हमीपत्र कुठल्या फायलीत गेलं कोण जाणे. बोअर फेब्रुवारीपर्यंत साथ द्यायची. पुढे दहा हजार लिटरचे पाच-सहा टँकर रोज. पहिला पहाटे पाचला. रिव्हर्स घेताना त्याचं ते टिंग-टिंग वाजणारं गाणं थेट आमच्या बेडरूमखाली. सेक्रेटरी काका लुंगीवर खाली उतरायचे, टँकरवर चढून झाकण उघडायचे आणि आत बांबू बुडवून पाणी किती आहे ते बघायचे. बांबूवर खिळ्यानं खूण केलेली. पाणी खुणेच्या खाली असलं की ड्रायव्हरशी वाद, आणि तोही आमच्याच खिडकीखाली. मग वहीत सही.

मेंटेनन्स 2,400 चा उन्हाळ्यात 4,100 व्हायचा. पैशांचं एक वेळ सोसलं असतं. पण पाणी कुठल्या विहिरीचं ते कुणी सांगेना. नळाच्या तोटीला पांढरा थर, दोन वर्षांत गीझरच्या दोन कॉइल, आणि आईचे केस गळायला लागले त्याचं खापरही तिनं पाण्यावरच फोडलं. ते खरं असेल-नसेल. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवाळीच्या शुभेच्छांच्या खाली पुढचा मेसेज ‘बी विंगला पाणी बंद’. पाहुणे येणार म्हटलं की आधी बादल्या भरायच्या. घर विकत घेऊनही हेच करायचं, तर हप्ता कशाचा भरायचा?

सगळी वाघोली अशी आहे असं मी म्हणणार नाही. दोन गल्ल्या पलीकडे मित्र राहतो, त्याची बोअर मे महिन्यातही चालते. पण ते नशीब आहे, आणि नशिबावर वीस वर्षांचं कर्ज काढायचा माझा स्वभाव नाही.

तळेगावला दोन नद्या आहेत, पवना आणि इंद्रायणी. नगरपरिषदेचं पाणी तिथूनच येतं. कधी मोटर बिघडते, कधी लाइन फुटते, तेव्हा एखादा दिवस बोंब होते. पण तीन वर्षांत आमच्या गेटमधून टँकर आत आलेला मी दोनदाच पाहिला, आणि दोन्ही वेळा टाकी धुतली होती म्हणून.

बाकी तळेगावात गैरसोयी आहेतच. लोणावळा लोकल सकाळ-संध्याकाळ ठीक. शिवाजीनगरला पाऊण तासात बसल्या जागी पोचतो. दुपारी मात्र लोकलमध्ये एवढी मोठी फट पडते की हाफ डे घेतला तर उरलेला हाफ प्लॅटफॉर्मवर जातो. चाकण रस्त्यावर कंटेनरच्या रांगा. गाडीनं पुण्याला जायचं तर वाटेत सोमाटण्याचा टोलनाका. जुलै-ऑगस्टात कपडे वाळत नाहीत, चपलांना बुरशी येते, मीठ ओलं होतं. बायकोचं म्हणणं, रात्री नऊनंतर इथे फक्त कुत्री जागी असतात. खोटं नाही.

एजंटवर मात्र इथेही विश्वास ठेवू नका. 2022 च्या ऑगस्टमध्ये आमचा एजंट वेदांता-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर चिपचा प्रकल्प तळेगावात येणार म्हणून एक रुपया सोडायला तयार नव्हता. सप्टेंबरात प्रकल्प गुजरातला गेला, आणि दसऱ्याआधी त्याचाच फोन, ‘साहेब, बसून बोलू.’ माझं किचन ट्रॉलीसकट त्यातच बसलं.

खराडीत नोकरी असेल तर माझं ऐकू नका. तळेगावहून रोज शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणं हा वेडेपणा आहे. नोकरी शिवाजीनगर, पिंपरी, आकुर्डीच्या बाजूला असेल, किंवा आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम असेल, तर तळेगावला एक रविवार काढून या. वाघोली बघायची तर रविवारी नको. मे महिन्यातल्या कामाच्या दिवशी, सकाळी आठच्या सुमारास जा. सॅम्पल फ्लॅट राहू दे, शेजारच्या पाच वर्षं जुन्या सोसायटीच्या गेटवर उभे राहा आणि वॉचमनला विचारा, ‘आज कितवा?’ त्यानं ‘कितवा काय?’ असं उलट विचारलं, तर त्या गल्लीत खुशाल घर घ्या.