नमुन्याचा ओटा चार इंचाचा, बाकीचे दीड इंचाचे

डिस्क गॉल्फ हा खेळ सोलापुरात अजून फारसा कोणाला ठाऊक नाही, त्यामुळे त्यात फसवणूक ती कसली होणार, असे अनेकांना वाटेल. परंतु आमची फसवणूक खेळात नव्हे, काँक्रीटमध्ये झाली, आणि सोसायटीत चालण्याचा पट्टा, शाळेत बास्केटबॉलचे मैदान किंवा देवळापुढे ओटा करून घेणाऱ्या कोणाचीही ती याच पद्धतीने होऊ शकते, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

होटगी रस्त्याच्या बाजूला एका स्नेह्यांच्या पडीक रानात आम्ही काही जणांनी वर्गणी काढून नऊ होलचे मैदान उभे केले आहे. चेंडूऐवजी फ्रिस्बीसारखी तबकडी असते आणि खड्ड्याऐवजी साखळ्या लावलेली बास्केट असते. बाकी खेळाची रीत गॉल्फचीच. पहिली फेक जिथून करायची त्या जागेला टी पॅड म्हणतात. खेळाडू तिथे तिरकी पावले टाकत पुढे येतो, शेवटचे पाऊल रोवतो आणि त्या एका पायावर सगळे शरीर फिरवून तबकडी सोडतो. रोज त्याच जागी हे घडत राहिले की मातीत खळगा पडतो, पावसात काळ्या मातीचा चिखल होतो, आणि घोटा किंवा गुडघा मुरगळतो. म्हणून अमेरिकेत, जिथे हा खेळ वाढला आणि १९७६ साली त्याची व्यावसायिक संघटना स्थापन झाली, तिथे साधारण ५ फूट रुंद व १० ते १२ फूट लांब, खरखरीत पृष्ठभागाचे काँक्रीटचे पॅड रूढ झाले. काही ठिकाणी रबरी मॅट किंवा कृत्रिम गवतही वापरतात. पण आमच्या उन्हात रबर तापते आणि मोकळ्या रानातून चोरीलाही जाते, हा हिशेब करून आम्ही काँक्रीटचे ओटेच करायचे ठरवले.

कोटेशन तिघांकडून घेतले. दोघांनी ‘काँक्रीट ओटे, नऊ नग’ एवढे लिहून खाली आकडा टाकला होता. तिसऱ्याचे कोटेशन मात्र अभ्यास करून लिहिल्यासारखे होते: काळी माती फूटभर खोल काढणे, मुरूम भरून पाणी मारून धुम्मस करणे, त्यावर दगडी सोलिंग (म्हणजे दगड रचून केलेला थर), त्यावर १२ फूट बाय ५ फूट मापाचे चार इंच जाडीचे एम-२० (ही काँक्रीटच्या मजबुतीची एक प्रत) काँक्रीट, आणि वर खराट्याने आडव्या रेघा, म्हणजे पाय घसरणार नाही. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते आणि वरचे बांधकाम तडकवते, हे त्याने आम्हाला नीट समजावून दिले, आणि त्यात खोटे काहीच नव्हते. दर ओट्यामागे ९,००० रुपये, नऊ ओट्यांचे ८१,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असा त्याचा हिशेब होता. पहिला ओटा तो स्वतःच्या पैशाने करून दाखवणार होता. पसंत पडला तरच पुढचे बोलणे.

तो पहिला ओटा उत्तम झाला, आणि आजही त्याला खोट काढता येत नाही. माती किती काढली, मुरूम किती पडला, फळ्या ओळंब्यात आहेत की नाहीत, हे सारे त्याने आम्हाला उभे करून दाखवले. काँक्रीटवर गोणपाट अंथरून त्याचा मजूर दिवसातून दोनदा पाणी मारत असे. शितावरून भाताची परीक्षा करण्याची आपली सवय या माणसाला पुरती ठाऊक होती, आणि त्याने शीतच तेवढे शिजवले होते. ओटा पसंत पडल्यावर ‘खडी, क्रश सँड आणि सिमेंट एकदम उचलले तर स्वस्त पडेल’ असे सांगून त्याने ७० टक्के उचल मागितली. मागणी वाजवी वाटावी अशीच होती. रक्कम आमच्यातील एका सदस्याच्या खात्यातून बँकेमार्फत दिली गेली, आणि पुढे हीच नोंद सर्वांत उपयोगी ठरली.

यापुढचा भाग नीट वाचावा, कारण इथून त्याने सांगितलेले प्रत्येक कारण शास्त्राला धरून होते.

उरलेले ओटे पहाटे चारपासून ओतायचे, कारण ऊन चढले की काँक्रीटमधले पाणी उडते आणि वर केसासारख्या भेगा पडतात, असे तो म्हणाला. सोलापूरच्या मार्चमध्ये हे अगदी खरे आहे. मात्र याचा अर्थ असा झाला की, ओतकाम पाहायला कोणी नसे आणि आम्ही पोचेपर्यंत खराट्याच्या रेघाही ओढून झालेल्या असत. दुसरे कारण पाण्याचे. शहरातच नळाला काही दिवसांआड पाणी येते, तिथे रानात टँकर आणून ओट्यांवर ओतणे बरे दिसत नाही, म्हणून तो पाण्याऐवजी क्युअरिंग कंपाउंड फवारणार होता. हे द्रव्यही खरोखर असते. काँक्रीटवर त्याचा पातळ पडदा बसतो आणि आतला ओलावा आतच राहतो. आयएस ४५६ : २००० या भारतीय मानकात साध्या पोर्टलंड सिमेंटच्या काँक्रीटचा ओलावा किमान सात दिवस, आणि उष्ण व कोरड्या हवेत किमान दहा दिवस टिकवावा असे सांगितले आहे, आणि अभियंत्याची संमती असेल तर पाण्याऐवजी मान्यताप्राप्त कंपाउंड चालते असेही त्यात आहे. त्याने ते कलम मोबाइलवर उघडून दाखवले. आठही ओटे पांढरेशुभ्र फवारलेले पाहून आम्हाला समाधान वाटले, आणि चारी बाजूंनी कडा चार इंच भरत असल्याने उरलेली रक्कमही त्याच आठवड्यात दिली गेली. (फवारलेला तो पदार्थ चुन्याची निवळी होती. मेणाच्या कंपाउंडवर पाण्याचा थेंब टाकला तर तो मण्यासारखा उभा राहतो. आमच्या ओट्यावर तो टाकताच जिरला आणि बोटाला पांढरी भुकटी लागली.)

मृगाचा पहिला मोठा पाऊस झाल्यानंतर पाचव्या होलवर एका तरुण खेळाडूने पाय रोवला आणि ओट्याचा मधला भाग पापडासारखा खचला. सुदैवाने त्याला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. तुटलेला तुकडा उचलून टेप लावली तेव्हा जाडी दीड इंच भरली. खाली ना सोलिंग होते ना मुरूम; ओली काळी माती तुकड्याच्या पाठीला तशीच चिकटून आली होती, आणि तिच्यात गवताची मुळेसुद्धा होती. युक्ती अशी होती की, फळ्यांच्या आतल्या कडेने वीतभर रुंदीची चर खणायची, मधली माती उंच ठेवायची आणि वरून काँक्रीट ओतायचे. कडेने पाहणाऱ्याला चार इंच दिसतात, आणि मध्ये पाहायला कोणाला वावच राहत नाही. तुकड्यावर साध्या खिळ्याने रेघ ओढली तर खोल ओरखडा उठत होता, म्हणजे जेवढे काँक्रीट होते त्यातही सिमेंट पुरते नव्हते.

मग इतर ओटे तपासले. हातोडीने ठोकल्यावर नमुन्याचा ओटा खणखणीत वाजतो आणि बाकीचे बद्द वाजतात, हे कानालाच कळत होते. तरी पुराव्यासाठी प्रत्येकाच्या मधोमध ड्रिलने बारीक भोक पाडले आणि व्हिडिओ घेतला. नमुन्याच्या ओट्यात ड्रिल चार इंचांपर्यंत कुरकुरत गेले. बाकीच्यांत ते दीड-दोन इंचांवर एकदम सुटून मातीत घुसले.

सिमेंटचा हिशेब कोणालाही घरबसल्या करता येतो, म्हणून तो इथे देतो. १२ × ५ फूट ओटा चार इंच जाडीचा केला तर २० घनफूट काँक्रीट लागते. एम-२० साठी सिमेंट, वाळू व खडी यांचे १ : १.५ : ३ हे नेहमीचे प्रमाण धरले तर एका घनमीटरला सुमारे ८ गोण्या, म्हणजे एका ओट्याला साधारण साडेचार गोण्या सिमेंट हवे. आठ ओट्यांना ३६ गोण्या झाल्या. त्याने आम्हाला गोण्यांच्या थप्पीचे छायाचित्र पाठवले होते, आणि संख्या बरोबर दिसत होती. नंतर ते छायाचित्र मोठे करून पाहिले तेव्हा गोणीवर छापलेला भरणीचा आठवडा आणि वर्ष वाचता आले. ते आदल्या वर्षाचे होते. थप्पी दुसऱ्याच कुठल्या तरी कामावरची होती. गोण्यांचे छायाचित्र कोणी पाठवले तर आधी ही ओळ वाचावी, आणि शक्य असेल तर सिमेंट दुकानातून स्वतः घेऊन रिकाम्या गोण्या काम संपेपर्यंत आपल्या ताब्यात ठेवाव्यात.

बिलावरचा जीएसटी क्रमांक रीतसर दिसत होता: पंधरा अक्षरे-अंक, सुरुवातीला महाराष्ट्राचा २७. जीएसटी पोर्टलवर लॉगिन न करताही कोणताही क्रमांक शोधता येतो. तो शोधल्यावर नोंदणी रद्द झाल्याचे दिसले, आणि रद्द झाल्याची तारीख आमच्या कोटेशनच्या बरीच आधीची होती. १४,५८० रुपयांचा कर त्याने सरकारच्या नावाने घेऊन स्वतःच्या खिशात घातला होता. ही तारीख मला ओट्याच्या जाडीहूनही मोलाची वाटते. केवळ काम वाईट झाले म्हणून फसवणुकीचा गुन्हा होत नाही. लबाडीचा हेतू मुळापासून होता हे दाखवावे लागते, आणि रद्द झालेल्या क्रमांकावर कर आकारणारा माणूस तो हेतू स्वतःच लिहून देतो. पोलिसांकडे दिलेल्या तक्रारीत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली आम्ही हाच मुद्दा सर्वांत वर ठेवला आहे.

पोहोचपावतीसह नोटीस पाठवल्यावर त्याने फोन करून ‘मातीचा दोष आहे, काँक्रीटचा नाही’ असे ऐकवले आणि नंतर तो क्रमांक बंद झाला. ज्याने काळ्या मातीवर आम्हाला पाठ दिला, त्याच्याच तोंडून हे ऐकावे लागले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली, आणि ज्या सदस्याच्या खात्यातून पैसे गेले त्यांच्या नावाने जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज केला. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही आणि वकील नेमण्याची सक्ती नाही. अशी माणसे मुद्दाम लाखाच्या आतली कामे धरतात असे मला वाटते, कारण वर्गणीदारांपैकी प्रत्येकाचे दोन-तीन हजारच बुडालेले असतात आणि तेवढ्यासाठी तारखांना जायला सहसा कोणी तयार होत नाही. आमच्यातही ‘जाऊ द्या, पुढचे बघा’ म्हणणारे निघालेच.

प्रकरण चालू असल्याने त्याचे नाव इथे लिहीत नाही. जुळे सोलापुरातील एका सोसायटीला तो चालण्याच्या पट्ट्याचा फुकट नमुना करून देणार असल्याचे कानावर आले आहे. त्या मंडळींना आमचे व्हिडिओ पाठवले आहेत.

आता एक-एक ओटा फोडून नव्याने करणे चालू आहे. खोदाई आणि सोलिंग झाल्यावर दोन्ही बाजूंच्या फळ्यांवरून आडवी दोरी ताणायची आणि दोरीपासून खाली टेप सोडून मधोमध तीन ठिकाणी माप घ्यायचे; तिन्ही ठिकाणी चार इंच भरल्याशिवाय काँक्रीट कालवायचे नाही, असे नव्या मिस्त्रीला लिहून दिले आहे. ओतकाम पहाटेच होते, पण आळीपाळीने आमच्यातले दोघे तिथे हजर असतात. टँकर आम्ही मागवतो, गोणपाट दहा दिवस ओले ठेवतो, आणि पैसे दर ओट्याचे वेगळे, ड्रिलने जाडी पाहिल्यानंतरच देतो. मिस्त्रीला पहिल्या दिवशी याचा राग आला होता. जुन्या ओट्याचा तुकडा हातात दिल्यावर त्याने तो उलटा करून पाहिला आणि टेप स्वतःच मागून घेतली.