जुनी बोट घेण्याआधी केलेला सर्व्हे: आठ महिन्यांनंतर

ऑक्टोबरात गोव्यात बेतीला २८ फुटी फायबरची जुनी बोट पसंत पडली आणि पैसे देण्याआधी बोट तपासणारा सर्व्हेअर बोलावला. आता पावसाळ्यासाठी बोट वर ओढली आहे, म्हणून सवडीने लिहितोय.

काम सुरू करण्याआधीच त्याने बसवून सांगितलं, "दिसेल, हाताला लागेल, ठोकून कळेल तेवढंच लिहीन. बोट अजून तुमची नाही, त्यामुळे काही उघडणार नाही. इंजिन-गिअरबॉक्सला वेगळा मेकॅनिक आणा. अहवाल त्या दिवसापुरता. कॅप्टन ऑफ पोर्ट्स खात्याची तपासणी वेगळी, ती यात नाही." हेच कागदावर लिहून माझी सही घेतली. मला वाटलं, हा आधीच अंग काढून घेतोय. सर्व्हे म्हणजे बोटीची हमी, अशीच माझी समजूत होती.

फायबरमध्ये पाणी मुरलंय का ते दाखवणारं ओलाव्याचं मीटर त्याने पहिल्या दिवशी लावलंच नाही. नुकत्याच पाण्यातून काढलेल्या तळावर आकडा फुगतो. रंग खरवडून वाळू द्या म्हणाला. मग प्लास्टिकच्या छोट्या हातोडीने तळ वीत-वीत ठोकत गेला. टणटण आवाज येत होता, तो पंख्याच्या (प्रोपेलरच्या) पुढे डाव्या बाजूला एकदम बद्द झाला. मलाही ठोकायला लावलं. आतले थर सुटले होते. खडूने गोल केला, त्यावर भाव उतरला, दुरुस्ती झाली. काल तिथेच ठोकून पाहिलं. आवाज आजूबाजूसारखाच टणक आहे.

चाचणीची फेरीही मांडवीच्या शांत पाण्यात उरकू दिली नाही. आग्वादच्या पुढे लाट लागल्यावरच पंखा फिरवणाऱ्या शाफ्टची थरथर कळली.

जानेवारीत गिअरबॉक्स गेला. मेकॅनिकचे पैसे मी वाचवले होते. रागाने सर्व्हेअरला फोन लावण्याआधी तो कागद काढला. गिअरबॉक्स पाहणार नाही असं त्यात स्पष्ट होतं.

तक्रार एकच, पण खरी आहे. डेकखालच्या डिझेल टाकीबद्दल अहवालात फक्त "पाहता आली नाही" एवढंच. मार्चमध्ये त्याच टाकीतून फिल्टरमध्ये पाणी आलं. वरची फळी काढावी लागेल हे आधी सांगितलं असतं, तर मूळ मालकाची परवानगी मीच आणली असती. कुठलाही सर्व्हेअर आला की "काय काय बघता येणार नाही?" हे त्याला बोट वर काढायच्या आधी विचारा आणि कप्पे रिकामे करून ठेवा.

पुढच्या आठवड्यात त्यालाच परत बोलावलंय. टाकीवरचे स्क्रू आजच सैल करून ठेवले.