घरची सेमिनरी की आदिवासी भागातली प्रादेशिक?

गोव्यातून सेमिनरीत, म्हणजे कॅथलिक पाद्री घडवणाऱ्या विद्यालयात, जाऊ पाहणारी मुलं आणि त्यांचे आईवडील अधूनमधून हे विचारतात, म्हणून एकदा लिहूनच टाकतो. पुढे आदिवासींमध्ये काम करायचंय, मग ते सांगे-काणकोणात असो, डहाणू-जव्हारकडे असो की थेट झारखंडात, अशांसाठीच हे लिहितोय. बाकीच्यांनी खुशाल राशोलला, म्हणजे गोव्यातल्या आपल्या घरच्या सेमिनरीत जावं.

निवड शेवटी बिशप किंवा संस्थेचे वरिष्ठ करतात, हे मान्य. पण ते एकदा तरी विचारतात, ‘तुला काय वाटतं रे?’ तेव्हा जो नुसती मान हलवतो, त्याला जागा असेल तिकडे धाडतात. उत्तर तयार ठेवलेलं बरं.

अभ्यासक्रमाची तुलना करत बसू नका. दोन वर्षं तत्त्वज्ञान, चार वर्षं ईशज्ञान (थिऑलॉजी) हे चर्चच्या कायद्यातच आहे, आणि रोमची २०१६ची नियमावली आल्यापासून टप्पेसुद्धा सगळीकडे तेच.

घरच्या सेमिनरीचं पारडं काही बाबतींत जडच आहे. राशोलची परंपरा चारशे वर्षांची. क्रिस्तपुराण १६१६ साली तिथेच छापलं गेलं, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. आजारी पडलात तर संध्याकाळपर्यंत घरचं कोणीतरी पेजेचा डबा घेऊन हजर. हे हसण्यावारी नेऊ नका. पहिल्या वर्षी घरच्या आठवणीने बॅग भरणारी मुलं मी पाहिलीत. शिवाय कोंकणीतला प्रवचनाचा हात सुटत नाही. बाहेर राहिलेल्यांचा सुटतो, माझाही जरा सुटलाय.

प्रादेशिक सेमिनरी म्हणजे त्या भागातल्या धर्मप्रांतांची सामायिक. रांचीचं सेंट आल्बर्ट्स हे त्यातलं जुनं नाव, १९१४ पासूनचं. त्या मुलखाचा इतिहासच वेगळा आहे. १८८५ साली बेल्जियमचे जेझुइट फादर लिव्हन्स छोटानागपुरात आले, ते जमीनदारांविरुद्धच्या खटल्यांत मुंडा आदिवासींच्या बाजूने उभे राहिले. पुढे फादर हॉफमन यांचा आदिवासींच्या जमिनी राखणाऱ्या १९०८च्या छोटानागपूर टेनन्सी कायद्याला हातभार लागला, आणि १९०९ साली त्यांनी सहकारी पतसंस्था काढली. आशियातले पहिले आदिवासी कार्डिनल तेलेस्फोर टोप्पो, २००३चे, याच मातीतले. त्यामुळे तिकडच्या मुलाला पाद्रीने खतियान, म्हणजे तिकडचा जमिनीचा उतारा, वाचणं यात नवल वाटत नाही. आपल्याकडे एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबाराच म्हणा) हातात आला की चांगला शिकलेला ब्रदरही (सेमिनरीतला विद्यार्थी) तो उलटा-सुलटा करून पाहतो.

आता माझं घोडं कुठे अडलं ते सांगतो. तत्त्वज्ञान मी शहराजवळच्या एका सेमिनरीत केलं; नाव नको, माणसं चांगली होती. तिथे दर रविवारी आम्हाला वाड्यांवर पाठवायचे. सकाळी जीप निघायची आणि जेवणाच्या घंटेच्या आत परत. आता वाडीवर रविवारी दुपारपर्यंत असतं कोण? पोरं आणि म्हातारी. बाकीचे लावणीला, नाहीतर बाजाराला. आम्ही पोरांना दोन गाणी शिकवायचो, जपमाळ म्हणायचो, खाली ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा.

एकदा एक आजी प्लास्टिकच्या पिशवीतून कागद घेऊन आल्या. वनहक्काचा दावा, २००६च्या कायद्याखालचा, वर कसलासा शेरा मारलेला. ‘एवढं वाच रे बाबा.’ पहिलं पान संपायच्या आत हॉर्न. ‘पुढच्या रविवारी’ म्हणून आम्ही उतरलो, आणि पुढच्या रविवारी आमच्या गटाची पाळी दुसऱ्याच वाडीवर लागलेली. सेमिनरीच्या प्रमुखांना, रेक्टरना, सांगितलं. ते म्हणाले, ‘स्वयंपाकीणबाईंनाही रविवारी सुट्टी हवी ना!’ खरंच होतं ते. पण माझ्या मनातून ती घंटा गेली नाही.

ईशज्ञानाला मी मुद्दाम प्रादेशिक मागून घेतली. तिथे शनिवारी जेवून निघायचं, बसने, पुढे सायकलने; मुक्काम धर्मशिक्षकाच्या घरी. रात्रीची जेवणं आटोपली की लोक अखऱ्यावर, गावाच्या नाचायच्या-बसायच्या मैदानावर, जमायचे. कोणाच्या शेतावर कोणी दावा लावलाय, कोणाची मुलगी कामाला दिल्लीला गेली ती फोन उचलत नाही, हे सगळं रात्री नऊनंतर निघतं. रविवारच्या रात्रप्रार्थनेपर्यंत तुम्हाला कोणी विचारत नाही. (हंडियाचा, म्हणजे तांदळाच्या घरगुती दारूचा, पेला पुढे आला तर काय करायचं, याचं उत्तर मात्र कुठलाच रेक्टर सरळ देत नाही.)

खोट तिथेही आहे. उरांव, मुंडा, खडिया मुलांचे जेवणाच्या टेबलावर आपापले कोपरे असतात, आणि गोंयकार कोणाच्याच कोपऱ्यात बसत नाही. शिकवणारे थोडे, प्रत्येकावर तीन-तीन विषय. सोमवारी सकाळी अर्धा वर्ग पेंगतो. माझं ग्रीक कच्चं राहिलं ते राहिलंच. बायबलवर संशोधन करायची हौस असेल तर तिकडे जाऊ नका, असंच मी म्हणेन.

पिलारचा, म्हणजे गोव्यातल्या पिलारच्या मिशनरी संस्थेचा, तिसरा पर्याय काहीजण विचारतात. त्या संस्थेची सुरुवात १८८७ साली काणकोणातल्या आगोंद्यात झाली आणि दूरच्या मिशनचं काम हाच तिचा पिंड. पण तिथे आधी संस्थेत शिरायचं, मग संस्था पाठवेल तिकडे जायचं. धर्मप्रांताचाच पाद्री व्हायचं असेल, तर तो रस्ता वेगळा.

सेमिनरी पाहायला गेलात की ग्रंथालय आणि कपेल ते दाखवतीलच. तुम्ही शनिवार-रविवारचं वेळापत्रक मागून घ्या. रविवारी परत कधी यायचं, हे विचारा. ‘जेवायच्या आत’ असं उत्तर आलं, तर निदान मी तरी दोनदा विचार करेन. आणि रांचीकडचं ठरलंच तर हिंदी आधी सुधारून घ्या. टीव्हीवरच्या हिंदीवर वर्गात निभावतं. सादरी, म्हणजे तिकडची सगळ्यांची बोलायची भाषा, तिथे गेल्यावर येते, आणि ती वर्गात कोणी शिकवत नाही.