डस्ट माइटचं गादी-कव्हर: चेन असेल तरच पैसे मोजा

जगभर अ‍ॅलर्जी वाढत चालली, तशी गाद्यांच्या दुकानांत ‘अँटी-अ‍ॅलर्जी’ची चिठ्ठीही वाढली. कोल्हापुरात या नावाखाली दोन वेगळ्या वस्तू मिळतात. चार कोपऱ्यांना इलॅस्टिक असलेला वॉटरप्रूफ प्रोटेक्टर चहा सांडला तर गादी वाचवतो, पण खालची बाजू उघडीच ठेवतो. कामाचं ते सहाही बाजूंनी बंद होणारं चेनचं कव्हर.

डस्ट माइट म्हणजे गादीच्या धुळीत राहणारा, डोळ्यांना न दिसणारा बारीक जीव. तो चावत नाही. शिंका आणतात ती मुख्यतः त्याच्या विष्ठेतली प्रथिनं. हे कण साधारण 10 ते 40 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). म्हणून कापडाची छिद्रं 10 मायक्रॉनच्या आत हवीत, 6 असतील तर उत्तम. पाकिटावर हा आकडा नसेल तर दुकानदाराच्या बोलण्यावर जाऊ नका. औषध फवारलेल्या कापडाचा गुण धुण्यात उतरतो, घट्ट वीण टिकते. प्लास्टिकही कण अडवतं, पण मे महिन्यात त्यावर झोपून दाखवा!

घोळ होतो मापात. पिंजून भरलेली कापसाची गादी मध्ये फुगलेली असते. काठाला 4 इंच मोजून आणलेलं कव्हर तिथं अडतं, चेन ओढली की शिवण उसवते आणि सगळं मुसळ केरात. जाडी मधोमध मोजा. चेनच्या टोकाला फट राहिली तर कापडी चिकटपट्टी लावा.

वेळही महत्त्वाची. पावसाळ्यात ओल धरलेली गादी कव्हरात कोंडली तर बुरशी ठरलेली. वळवाच्या आधी दोन कडक उन्हं दाखवा, झटका, मगच कव्हर चढवा. उन्हानं माइट मरतात. विष्ठा आतच राहते, म्हणून कव्हर तरीही लागतंच.

नुसत्या कव्हरानं दमा मात्र आवरत नाही. ब्रिटनमध्ये 1122 प्रौढ दमेकऱ्यांवर झालेल्या, 2003 साली छापून आलेल्या चाचणीत फरक दिसला नव्हता. चादरी आणि अभ्रे दर आठवड्याला 60 अंशांच्या पाण्यात धुवायला हवेत. बंबाचं कढत पाणी चालेल, कोमट नाही. आणि त्रास गाजरगवताच्या परागांचा असेल तर हा खर्च वायाच, म्हणून आधी त्वचेवरची प्रिक टेस्ट करून घ्या.

गादीच्या कव्हराला 5 पैकी 3. उशीच्या कव्हराला 4, कारण रात्रभर नाक तिथंच असतं; बजेट तोकडं असेल तर आधी तेच घ्या.