जाळ्या धुणं म्हणजे एसीची सर्व्हिस नव्हे, या एसीवाल्यांनी ब्लोअर काढून दाखवला (४ स्टार)

वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो त्या रत्नागिरीत कुबट वासाचं काय कौतुक, जुलैत कपाटातल्या चपलांवर पण बुरा येतो, त्यामुळे एसी लावल्यावर पहिली दोन मिनिटं वास यायचा तो आम्ही कधी मनावरच घेतला नाही. पण गणपती झाल्यापासून आमच्या पाच वर्षांच्या पोराचं रोजचं झालं, रात्री एसी लावला की तासाभरात खोकला, पहाटे छाती घुरघुरणार आणि शाळेत गेला की ठणठणीत. सासूबाईंचं एकच, त्याला गार हवा बाधते, बंद करा ते. डॉक्टरांनी स्पेसर (औषध ओढायची नळी) लावून पंप, म्हणजे इनहेलर, दिला आणि विचारलं, एसी आतून कधी धुतलाय?

आता धुतलेला की! मे महिन्यात एकाकडून सर्व्हिस करून घेतली होती, नाव घेत नाही, त्याने जाळ्या नळाखाली धरल्या, वरून फडकं मारलं, गॅस कमी आहे सांगून पैसे घेतले आणि पंधरा मिनिटांत पसार. म्हणून यावेळी शेजारच्या वहिनींनी सांगितलं तसं या एसीवाल्यांना बोलावलं.

यांनी आल्याआल्या आधी पोराला खोलीबाहेर काढायला लावलं, गादी-उशा पण. मग पुढच्या झडपा उघडून टॉर्च मारला आणि म्हणाले ताई, इकडे या बघा. आत तो लांब दंडगोल पंखा असतो ना, ब्लोअर, त्याच्या प्रत्येक पातीवर मोहरीएवढे काळे ठिपके आणि मध्ये ओलसर काळा थर. मी टिशूने पुसलं तर टिशू काजळ लावल्यासारखा. हीच हवा आम्ही रात्रभर त्याच्या तोंडावर सोडत होतो, आणि स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा घेतच नाही, खोलीतलीच फिरवत बसतो. जाळी म्हणजे फिल्टर, ते कॉइलच्या (हवा गार करणाऱ्या नळ्यांच्या) आधी असतं, ब्लोअर कॉइलच्या मागे, मग जाळ्या कितीही धुवा, ब्लोअर तसाच.

ब्लोअर काढून बाथरूममध्ये ब्रशने घासला, कॉइलला पिशवी बांधून पाण्याचा जेट मारला, बादलीत जे पाणी पडलं ते चहाच्या चोथ्यासारखं. कॉइलखालच्या पाण्याच्या ट्रेमध्ये पण बुळबुळीत चिखल. त्याचं कारण आमचंच निघालं, तुळशीला पाणी होईल म्हणून एसीचं पाणी बाहेर सोडणाऱ्या पाइपचं टोक बादलीत बुडवून ठेवायचो, त्याने हवा अडकते, पाणी मागे तुंबतं. गॅस तपासला, म्हणे पुरेसा आहे (मेच्या पैशांची आठवण झाली). सुगंधी स्प्रे मारू का विचारलं तर नको म्हणाले, वास झाकतो, बुरशी तशीच.

सांगून गेले की रोज बंद करायच्या आधी अर्धा तास नुसता फॅन मोडवर चालवा म्हणजे कॉइल सुकते, आणि आर्द्रता मोजायचं छोटं मीटर लावा, काटा ६० टक्क्यांच्या खाली राहिला पाहिजे. पावसाळ्यात आमच्याकडे ते ड्राय मोड (हवेतला ओलावा काढणारा) लावल्याशिवाय जमायचं नाही.

बाराशे घेतले, सव्वादोन तास लागले. एक स्टार कापला कारण सांगितलेल्या दिवसानंतर दोन दिवसांनी आले आणि भिंतीवर काळे ओघळ तसेच ठेवून गेले, ते मी पुसले.

वीस दिवस झाले. वास गेला, पहाटेची घरघर दोनदाच झाली. सगळा खोकला एसीचाच होता असं डॉक्टर पण म्हणत नाहीत, पंप चालूच आहे, पण जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच घरातली ओल-बुरशी आणि दमा-घरघर यांचा संबंध लिहून ठेवलाय, हे मला आत्ता वाचून कळलं. सासूबाई अजून म्हणतात, बंद करा ते.

यांना सकाळी फोन लावू नका, उचलत नाहीत. दुपारी तीननंतर लावा.